ओटीतली भाजी

पुण्याहून निघाले तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती की आपण तण शोधायला चाललो आहोत, आणि तणाला काही मालक नसतो. ही समजूत किती बावळट होती ते आष्ट्याला कळलं. तोवर माझ्या जिभेने करायचं ते नुकसान करून ठेवलं होतं. तेव्हा वाचणाऱ्यांनी हे माझं प्रवासवर्णन थोडंसं कबुलीजबाब म्हणूनही वाचायला हरकत नाही.

मी मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवते. लढाई चालू होती. साखर, रॉकेल, धान्य सगळं रेशनवर, आणि मंडईत मेथीची जुडी उचलून पाहून परत ठेवायचे दिवस होते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मनात आलं की परसात, बांधावर आपोआप उगवणाऱ्या आणि खायला चालणाऱ्या पाल्याची एक छोटी पुस्तिका शाळेने छापावी. "कोण करील?" असं त्यांनी विचारलं तेव्हा बाकीच्या शिक्षिका आपापल्या नखांकडे बघत होत्या. मी बघायला विसरले. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एक वळकटी, पानं दाबायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक कोरी वही घेऊन मी बाहेर पडले.

सातारा

साताऱ्याला माझी मावसबहीण कुसुम राहते. तिचे यजमान कचेरीत आहेत. मी आल्या आल्या परसात शिरले तेव्हा ती म्हणाली, "अगं, तिथे काय असणार? गवत!" अर्ध्या तासात त्या गवतातून मी टोपलीभर ऐवज काढला. धुण्याच्या दगडाजवळ, जिथे सदा ओल असते तिथे, जाड पानांची लालसर देठाची घोळ पसरली होती. तुळशीवृंदावनामागे तांदुळजा होता. जमिनीला चिकटून वाढणारी बारीक पानांची चिगळ मिळाली तेव्हा तर मी आनंदाने ती ओंजळीने उपटली.

भिंतीपलीकडून एक पागोटं वर आलं. शेजारचे सुभेदार. मागच्या लढाईत परदेशी जाऊन आलेले, आता पेन्शन खाऊन गुलाबाची कलमं करतात.

"बाई, ह्ये कशापायी उपटताय?"

"खायला."

"ह्ये बी?" त्यांनी हात लांब करून माझ्या चिगळीची एक काडी उचलली, मोडली आणि माझ्यापुढे धरली. मोडलेल्या जागी पांढऱ्याशुभ्र दुधाचा थेंब उभा राहिला. "ही दुदी हाय. ही खाल्ली तर पोट धरून बसशीला."

चष्मा घरात राहिला होता, हे खरं. पण पंधरा वर्षं मुलींना पानांची मांडणी शिकवणाऱ्या बाईने दुधी आणि चिगळ यांत घोटाळा करावा, आणि तोही शेजाऱ्यासमोर! मी मान खाली घालून सगळी ओंजळ उकिरड्यावर टाकली. सुभेदारांना माझी दया आली असावी, कारण ते भिंतीला टेकून बोलू लागले.

"मागल्या लढाईत आमची पलटन बसऱ्याच्या पल्याड येढ्यात अडाकली. धान्य सपलं. घोडी कापून खाल्ली. मान्सांचं दात हालाय लागलं, हिरड्यांतनं रगात. तवा डागदर म्हनला, हिरवं कायतरी खावा. आमी नदीकाठाला हुडकाय गेलो, तर काय सांगू बाई, घोळ! आमच्या परड्यातली घोळ, तितं वाळूत! एक गडी तर तितंच बसून रडाय लागला. म्हनला, माझी आय हीच करत्या."

"आणि तुम्ही?"

"मी बी रडलो की. पर खाऊन झाल्याव."

तिकडे काहीजण दिसेल तो पाला खाऊन आजारी पडले, म्हणून सुभेदारांनी एक नियम करून ठेवला होता. देठ मोडायचा, दूध आलं की टाकून द्यायचं. मी तो वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिला. संध्याकाळी कुसुमने घोळ हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवून वर लसणीची फोडणी दिली. आंबूस, किंचित बुळबुळीत, आणि भाकरीबरोबर फारच छान. तिचे यजमान "बरी आहे" म्हणाले आणि तीनदा घेते झाले. त्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

आष्टा, पहिला दिवस

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने, अंगभर काजळी घेऊन, मी आष्ट्याला उतरले. कुसुमच्या यजमानांनी तिथल्या एका बागाईतदाराच्या नावे चिठ्ठी दिली होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. ऊस, हळद, मिरचीचा मळा, दोन मोटांची विहीर, आणि चेहऱ्याच्या मानाने मिशा जरा जास्तच. पाहुण्याचं मात्र मनापासून करणारे. दुपारच्या पानावर ज्वारीची गरम भाकरी, भरलं वांगं, डाळ घालून केलेली हिरवी पातळ भाजी आणि वाटीभर सायीचं दूध होतं. पुण्यात आम्ही पाहुण्याला "संकोच करू नका" म्हणतो आणि तो करील अशी आशा धरतो. इथे दुसरी भाकरी न विचारता पानात पडते.

मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा तात्या खदखदून हसले.

"तन खायाला पुन्यास्नं आलाय? बाई, आमच्या घरात तन शिजत न्हाई. त्ये भांगलनाऱ्या बाया न्हेत्यात. इचारा त्यास्नी."

त्यांच्या पत्नी, वहिनी, चुलीकडे तोंड करून फुंकणी फुंकत होत्या. त्या जरा जास्तच वेळ फुंकत राहिल्या असं मला वाटलं, पण धूर असेल म्हणून मी सोडून दिलं.

मळ्यात मिरचीच्या वाफ्यांत सात बायका ओळीने उकिडव्या बसून खुरप्याने तण काढत होत्या. या भागात त्याला भांगलण म्हणतात. प्रत्येकीला एकेक सरी नेमून दिलेली असते, ती तिची पात. सगळ्यांत कडेची पात सारजाबाईची. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, आणि बाकीच्या बायका तिच्या हाताच्या वेगाने चालत. मी तिच्याशेजारी बांधावर बसले आणि बघतच राहिले. उजव्या हातातलं खुरपं मातीत जाई, डाव्या हातात तण येई. हरळी, दुधी, लव्हाळा बांधावर भिरकावला जाई. घोळ, तांदुळजा आला की माती झटकून लुगड्याच्या ओटीत. सारजाबाई त्या वेळी माझ्याशी बोलत होती, हाताकडे बघतही नव्हती.

तेवढ्यात तिने लांबट, कातरलेल्या पानांचं एक रोप उपटलं. मोडलेल्या देठातून दूध आलं. मी ओरडले, "टाका, टाका ते! दूध आहे त्याला!"

सारजाबाईने माझ्याकडे पाहिलं, दोन पानं तोडली, तोंडात घातली आणि चावत म्हणाली, "दूद हाय म्हून टाकायचं? मग म्हसरं बी इकून टाकू का काय?"

सातही बायका हसल्या. ती पाथरी होती. सुभेदारांचा नियम दुधीपुरता खरा असेल, पण पाथरीला तो कुणी सांगितलेला नव्हता. तिसऱ्या प्रहरी त्यांनी भाकरी सोडली तेव्हा, तात्यांकडे जेवून आलेली असूनही, बांधावर त्यांच्यात बसून मी ती कच्चीच खाल्ली, भाकरी आणि हिरव्या मिरचीच्या खर्ड्याबरोबर. आधी कडसर लागते. मग खर्ड्याने जीभ पेटली की तीच पानं थंड वाटू लागतात. मी दोन भाकऱ्या संपवल्या, आणि त्या कुणाच्या वाटच्या होत्या हा विचार नंतर मनात आला.

जेवताना सारजाबाईने मला तिथली रीत सांगितली. आपल्या पातीत निघेल ती भाजी आपली. शेजारणीच्या पातीतल्या पानाला हात लावायचा नाही, मग तिथे कितीही माजलेली घोळ असो.

"मजुरीच्या जवारीची भाकरी हुती बगा. तिच्यासंगं कोरड्यास पायजे का न्हाई? त्ये ह्यातनं," आपली ओटी थोपटत ती म्हणाली. "घरात पाच तोंडं हायती. भाजी-माळवं इकत घ्याचं म्हनलं तर जवारी कमी पडती. ही ओटी भरली का सांच्यानं ताटात कायतरी वलं पडतं."

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही. शिकलेल्या माणसांचं असं होतं.

कारण त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, मी तात्यांपुढे शहाणपण पाजळलं. त्यांनी "तन" म्हणून हसणं माझ्या मनाला लागलं होतं. मी त्यांना लोह सांगितलं, जीवनसत्त्वं सांगितली, परदेशी गेलेल्या पलटणीचे दात सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "तात्या, तुम्ही ज्याला तण म्हणता ना, त्यासाठी पुण्यात लोक रांगा लावतील!"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आसं व्हय?" इतकंच म्हणाले. मला वाटलं, एक शिष्य मिळाला. त्या रात्री मी फार समाधानाने झोपले.

आष्टा, दुसरा दिवस

सकाळी मळ्यात गेले तर तात्या बांधावर उभे. पायाशी दोन मोठ्या बुट्ट्या.

"आजपास्नं खायाची भाजी वटीत घालायची न्हाई," ते बायकांना सांगत होते. "समदी बुट्टीत टाकायची. सांगलीच्या बाजाराला धाडायची हाय. बाईंनी सांगितलंय, लय मागनी हाय."

सात बायकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. वर्गात पन्नास मुली माझ्याकडे बघत असतात, त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. त्या सात नजरांपुढे मात्र मला कुठे बघावं ते कळेना.

"तात्या, मी तसं म्हणाले नव्हते," मी पुटपुटले.

"म्हनलासा की. रांगा लागतील म्हनलासा."

म्हणाले होतेच. काल जिच्या भाकरीवर मी ताव मारला तिच्या घरातल्या पाच जणांच्या ताटातली भाजी मी एका वाक्यात काढून दिली होती. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सारजाबाई वाद घालील, रडेल, मला चार शब्द सुनावील असं वाटलं. तिने त्यातलं काहीच केलं नाही. "बरं," म्हणाली आणि पदर खोचून पातीला बसली. "लागा गं कामाला."

दुपारी तात्या बुट्ट्या न्यायला आले. बुट्ट्या रिकाम्या होत्या, अगदी तळापर्यंत. आणि वाफ्यांत जे दिसत होतं ते मी जन्मात विसरणार नाही. हरळीची काडी नाही, लव्हाळा नाही, दुधी नाही. माती कशी भुसभुशीत. आणि मिरचीच्या झाडांमधून घोळ, तांदुळजा, पाथरी ऐटीत उभी. एकेका रोपाच्या बुडाशी हाताने मातीची भर सुद्धा घातलेली होती.

"ह्ये काय?" तात्या गरजले.

"भांगलन," सारजाबाई म्हणाली.

"आन ह्ये तन?"

"कंचं तन? आवं तात्या, ह्यो तर तुमचा बाजारचा माल. मालाला खुरपं कसं लावायचं? आमी तन काडाय आलोय. माल काडायचा आसंल तर तोडनीच्या बाया येगळ्या सांगा की."

तिचा मुद्दा बिनतोड होता. शेतात भांगलणीच्या बायका वेगळ्या आणि तोडणीच्या वेगळ्या कामाला सांगायच्या, ही तिथली जुनी रीत, आणि ती तात्यांनाच कुणापेक्षाही जास्त ठाऊक होती. बाकीच्या सहाजणी मातीत काहीतरी हरवल्यासारख्या खाली बघत होत्या.

"मिरचीचं खत खातंय त्ये!"

"खाऊ द्या की. दोनी माल तुमचंच."

तात्यांनी तणतणत धोतर वर खोचलं आणि स्वतःच भाजी उपटायला बसले. अपराध्यासारखी मीही बसले. तासाभरात त्यांची कंबर धरली, माझ्या बोटांना फोड आले, आणि एक बुट्टी जेमतेम अर्धी झाली. पाणी मारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. दिवस कलेपर्यंत बुट्टीतली भाजी मलूल होऊन तळाला बसली. सांगलीला पोचेपर्यंत तिचं काय झालं असतं ते सांगायला नकोच. आणि सात बायका रिकाम्या ओट्यांनी घरी गेल्या. ते मला बघवेना.

संध्याकाळी पानावर भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी होती. तात्यांनी पानाकडे पाहिलं.

"आज डाळीची भाजी न्हाई केलीस?"

"कशाची करू?" वहिनी म्हणाल्या.

"रोज करतीस ती."

"ती सारजाबाई द्येती, परड्याच्या दारानं. आज तिची वटी रिकामी हुती."

तात्यांचा घास हातातच राहिला. "म्हंजी ती घोळ हुती?"

"घोळ, तांदुळजा, गावंल त्ये. माजं म्हायार जतकडचं. दुस्काळी मुलूख. आमी त्येच खाऊन वाडलो. तुमी तन म्हनता, म्हून बोल्ले न्हाई."

"कवापास्नं?"

"लगीन झाल्यापास्नं."

काल दुपारी फुंकणी इतका वेळ का चालली होती ते आत्ता माझ्या ध्यानात आलं. मीही काल तीच भाजी खाल्ली होती आणि, वनस्पतिशास्त्र शिकवत असूनही, ओळखली नव्हती.

"मग बुट्टीतली करायची," तात्या म्हणाले.

"ती बाजारची. तिला म्या कसा हात लावू?"

वहिनींचा आवाज अगदी साधा होता. मी भाकरी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "तात्या, चूक माझी आहे. ती भाजी कुणाची हे मला काल दुपारीच सांगितलं होतं, तरी मी तुमच्यापुढे नको ते बोलले. तुम्ही त्यांना ती परत द्या. मी तुमच्या पाया पडते." तात्यांनी चटणीशी भाकरी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायले आणि उठून गेले.

आष्टा, तिसरा दिवस

सकाळी दोन्ही बुट्ट्या गोठ्याशी पालथ्या पडल्या होत्या. तात्या मळ्यात, बायकांकडे पाठ करून, विहिरीशी बोलल्यासारखे बोलत होते.

"सांच्यापातुर ह्या वाफ्यात मिरचीबिगार हिरवं पान दिसाय न्हाई पायजे. उपटून कुटं घालायचं त्ये तुमचं तुमी बगा."

पदराआड हसण्याची खसखस झाली. सारजाबाईने पहिलीच घोळ उपटली, झटकली, आणि मोठ्याने म्हणाली, "तात्या, तुमच्या घरची मूठ आदी काडून ठिवते."

"व्हय," तात्या म्हणाले. मागे वळून बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

मग सारजाबाईने माझ्यासमोर एक खुरपं टाकलं. "बसा बाई. ही पात तुमची."

मी बसले. माझ्या पाचवारीची नीट ओटी होईना, दोनदा भाजी मातीत सांडली. एक मिरचीचं रोपही मी उपटलं आणि घाईघाईने परत मातीत खोचलं. ते सारजाबाईने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ऊन चढलं तेव्हा बाकीच्या बायका शेवटाला पोचल्या होत्या आणि मी अर्ध्यात होते. तेव्हा सारजाबाई पलीकडच्या टोकाने माझ्याच पातीत शिरली आणि भांगलत माझ्यासमोर येऊन थांबली. तिला आलेली भाजी तिने माझ्या ओटीत टाकली. "तुमच्या पातीतली हाय," म्हणाली.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. जेवताना मी वही काढून तिला चित्रं दाखवू लागले. तिने ती कौतुकाने पाहिली, पाथरी ओळखली, आणि विचारलं, "ह्येचं काय करनार?"

"छापणार."

"मंग समदी वाचनार?"

"हो. म्हणजे, वाचतील अशी आशा आहे."

तिने भाकरीचा तुकडा खर्ड्यात बुडवला. "तुमी येका सांच्यानं येका तात्याला सांगितलं, तर ह्यो घोळ झाला. छापल्याव किती तात्या हुतील वो?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं, खरंच माहीत करून घ्यायला विचारलं होतं. मी वही मिटली. दुपारच्या मोटारीने मी निघाले. ओटीतली घोळ ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेतली होती. ती पुण्यात पोचेपर्यंत टिकली, कारण दर मुक्कामाला मी तिच्यावर पाणी शिंपडत होते.

परत आल्यावर

ती घोळ मी डाळ घालून केली आणि एकटीने खाल्ली. मग आठ दिवस वही उघडली नाही. पुस्तिका काढूच नये असंही मनात येऊन गेलं. पण पुण्यातही परसं आहेत, परसांत घोळ आहे, आणि तिला पायाखाली तुडवून मंडईत रिकाम्या पिशव्या घेऊन हिंडणाऱ्या बायाही आहेत. त्यांच्यापासून काय लपवायचं? शेवटी बसले आणि लिहून काढली. प्रत्येक भाजीचं नाव, चित्र, ओळखायची खूण, करायची रीत आणि ती कुठे मिळते ते. घोळीपुढे लिहिलं, आपल्या परसात, धुण्याच्या दगडाजवळ. तांदुळज्यापुढे लिहिलं, आपल्या परसात, तुळशीमागे.

पाथरीपाशी माझी लेखणी अडली. पाथरी मला परसात कुठे दिसली नव्हती, आणि जिथे पाहिली तेच लिहायला मी बांधील होते.

मुख्याध्यापिकाबाईंनी हस्तलिखित वाचलं. सगळं पसंत पडलं. फक्त त्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला बोलावलं आणि चष्म्यावरून पाहत ती मोठ्याने वाचली, "पाथरी. कुठे मिळते: भांगलणाऱ्या बाईच्या ओटीत. मागून पाहावी. नाही म्हणाली तर गुपचूप परत यावं."

"बाई, वनस्पतिशास्त्रात हे ठिकाण बसतं का?" त्यांनी विचारलं.

"मी स्वतः तिथेच पाहिली आहे," मी म्हणाले, आणि ती ओळ तशीच छापली गेली.